काहीच त्रास नाही, मग रोज गोळी कशाला?

प्रश्न : ५३ वर्षांच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वर्षभरापूर्वी दुसऱ्याच कारणासाठी डॉक्टरांकडे गेल्या असताना त्यांचं बीपी १५४/९६ निघालं. पुन्हा तपासल्यावरही तेवढंच भरलं, म्हणून अ‍ॅम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. बीपी १३२/८२ पर्यंत उतरलं, पण संध्याकाळी पायांचे घोटे सुजू लागले. ‘आता नॉर्मल झालं’ म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी गोळी आपणहून बंद केली. सूज गेली, आणि त्रास तर आधीही काही नव्हता. घरच्या मशीनवर वरचा आकडा कधी १३८, कधी १५० दाखवतो, त्यामुळे मशीनच बिघडलंय असं त्यांना वाटतं. भाऊ म्हणतो, एकदा सुरू केली की शरीराला सवय लागते, किडनीवर परिणाम होतो. तो स्वतः फक्त डोकं दुखेल त्या दिवशी गोळी घेतो. त्यांची आई वर्षानुवर्षं बीपीची गोळी घेत होती, तरी ६७ व्या वर्षी तिला पक्षाघात झाला. ‘मग मी आयुष्यभर गोळी का घ्यायची? वजन आणि मीठ कमी करून भागणार नाही का? आणि गोळी बंद केल्याचं डॉक्टरांना आता कसं सांगू?’ असं त्या विचारतात.

उत्तर :

आईपासूनच सुरुवात करते. सूज, सवय, किडनी हे सगळं तुम्ही लिहिलं आहे, पण पत्रभर सावली आहे ती आईच्या आजारपणाची. जिने इमानेइतबारे गोळी घेतली, तिलाच झटका आला. यानंतर गोळीवरचा विश्वास उडाला नसता तरच नवल.

गोळी घेणाऱ्याला पक्षाघात होत नाही, असं कुणी सांगितलं असेल तर ते चुकीचं सांगितलं. गोळी शक्यता कमी करते, संपवत नाही. किती कमी करते याचा हिशेब झालेला आहे. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२३ चाचण्या आणि सहा लाखांहून अधिक लोक यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वरचा आकडा १० ने उतरला की पक्षाघात सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाले, हृदयाच्या रोहिण्यांचे आजार १७ टक्क्यांनी, आणि या सगळ्या मोठ्या घटना एकत्र धरल्या तर २० टक्क्यांनी.

टक्के ऐकायला भारदस्त असतात. माणसं मोजून पाहू. समजा, शंभर जणींपैकी दहा जणींना पुढच्या दहा वर्षांत पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येणार आहे. (हा आकडा उदाहरणापुरता, तुमचा नव्हे.) शंभरही जणींनी गोळी घेऊन वरचा आकडा १० ने खाली ठेवला, तर त्या दहाच्या आठ होतील. दोघी वाचल्या. आठ जणींना गोळी घेऊनही झटका आलाच. उरलेल्या नव्वद जणींना गोळी न घेताही तो आला नसता. आणि गंमत अशी, की वाचलेल्या दोघी कोण हे कुणालाच कळत नाही, त्यांना स्वतःलाही नाही. त्यांच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. तुमची आई त्या आठांमधली असू शकते. तेवढ्यावरून गोळी निरुपयोगी ठरत नाही. आणि गोळी घेऊन नव्वदी गाठलेल्या एखाद्या आजींकडे बोट दाखवून ती गुणकारी ठरते, असंही नाही. एका माणसाच्या आयुष्यात हा हिशेब दिसतच नाही.

आईच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे, आणि ती मला जास्त अस्वस्थ करते. आई गोळी घेत होती हे तुम्ही लिहिलंत. गोळी घेऊन तिचं बीपी किती असायचं हे लिहिलं नाहीत. तुम्हाला ते ठाऊक नसेलही. घरोघरी हेच दिसतं : तीच गोळी, तोच डोस, चिठ्ठी जुनी, आणि आकडा १६० आला तरी ‘वयोमानाने चालायचंच’. खरं तर ही समजूत १९९१ मध्येच मोडीत निघाली. साठीपुढच्या, फक्त वरचा आकडा वाढलेल्या लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. क्लोरथॅलिडोन या लघवीच्या गोळीपासून सुरू केलेल्या उपचारांनी पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात ३० ते ७९ या वयात सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता, आणि तो आटोक्यात होता अशांची संख्या जेमतेम पाचांत एक. गोळी चालू असणं आणि बीपी आटोक्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता ‘त्रास काहीच नाही’ याबद्दल. बीपीच्या बाबतीत हा पुरावा धरताच येत नाही, कारण वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवत नाही. रोहिणीच्या भिंतीवर रोज थोडा जास्त दाब पडत राहतो, भिंत जाड आणि ताठर होते, मेंदूतल्या बारीक रोहिण्या कमजोर होतात, हृदयाचा स्नायू जाड होतो. हे सगळं मुकाट चालतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून या हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा बीपी १८६/१०८ होतं. त्यानंतर वर्षभराने, १२ एप्रिल १९४५ रोजी, मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. जगातल्या सर्वांत शक्तिमान माणसाला द्यायला तेव्हा बीपीचं खात्रीचं औषधच नव्हतं. औषधांनी जीव वाचतो का हेही पुढची वीसएक वर्षं वादातच राहिलं. १९६७ मध्ये एडवर्ड फ्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर केलेली चाचणी छापून आली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी. दोन वर्षंही पुरती झाली नव्हती, तोवर औषध न मिळालेल्यांत २७ गंभीर घटना झाल्या होत्या. औषध मिळालेल्यांत २.

तुमचं बीपी त्या माणसांइतकं कधीच नव्हतं, तेव्हा तो फरक जसाच्या तसा तुम्हाला लावता येणार नाही. तुमच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : १५४/९६ हा उच्च रक्तदाबाचा पहिला टप्पा आहे. या टप्प्यावर मधुमेह नाही, तंबाखू नाही, किडनी आणि हृदय ठणठणीत, अशा व्यक्तीने तीन-सहा महिने मनापासून वजन, मीठ, व्यायाम यांवर काम करून मग गोळीचं ठरवलं, तर तो वेडेपणा नाही. अनेक डॉक्टरही तसं सुचवतात. म्हणजे ‘मला गोळी लागेलच का?’ हा तुमचा प्रश्न रास्त होता. तो डॉक्टरांना विचारायचं सोडून तुम्ही मनातच निकाली काढलात, एवढंच.

आणि निकाली काढताना जो आधार घेतलात, तो कच्चा होता. ‘बीपी नॉर्मल झालं’ ते गोळीमुळे झालं होतं. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून सावकाश जातं. शेवटच्या गोळीनंतरही काही दिवस त्याचा असर राहतो, मग बीपी हळूहळू चढतं. म्हणून ‘बंद केली, तरी काहीच झालं नाही’ असं वाटतं. सवयीचंही तसंच. चष्मा काढल्यावर अक्षरं पुसट झाली, तर डोळ्यांना चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही. वजन बरंच उतरलेल्या, एकाच हलक्या गोळीवर असलेल्या काही जणांचं बीपी गोळी थांबवल्यावरही ठीक राहतं. बहुतेकांचं काही महिन्यांत पुन्हा वर जातं. तुम्ही यातल्या कुठल्या गटात आहात हे तुमचं मशीन सांगतंय. १३८ ते १५० हे आकडे पाहून मशीन बिघडलंय असं मला वाटत नाही. बीपी दिवसभर हलतंच.

ते कसं मोजायचं, हे मात्र नीट करा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर आहे. दंडावर पट्टा बांधायचं मशीन हवं, आणि पट्टा तुमच्या दंडाच्या घेराचा. लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून, हात हृदयाच्या उंचीवर टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, फोन बाजूला ठेवून. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर तो उच्च रक्तदाब समजतात. दवाखान्यासाठी हीच रेषा १४०/९० आहे, कारण दवाखान्यात अनेकांचं बीपी घाबरूनच चढतं. एखादा वाईट आकडा दिसला म्हणून लगेच पुन्हा पुन्हा मोजत बसू नका. त्याने तो आणखी वाढतो.

सूज खरी होती, आणि ती गोळीचीच होती असं दिसतं, कारण गोळी थांबल्यावर ती गेली. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजणं ही सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे, आणि डोस जितका जास्त तितकी ती जास्त दिसते. बारीक रोहिण्या सैलावतात आणि पाणी आजूबाजूला झिरपतं. किडनी किंवा हृदय बिघडल्याची ती खूण नसते (तरी पाय सुजले तर एकदा तपासून घ्यावंच). या सुजेवर लघवीची गोळी फारशी चालत नाही. कधीकधी ती नुसतीच चिठ्ठीत वाढत जाते. चालतं ते असं : डोस कमी करणं, सोबत टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी ‘सार्टन’ गटातली गोळी जोडणं, त्याने सूजही कमी होते, किंवा सरळ दुसऱ्या गटावर जाणं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटाने साधारण दहातल्या एकाला कोरडा खोकला लागतो. सार्टनने तो सहसा लागत नाही. लघवी वाढवणाऱ्या गटात रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरू शकतं. प्रत्येक गटाची काही ना काही खोड आहे, पण गट बरेच आहेत. एक गोळी सोसली नाही म्हणून उपचारच सोसत नाहीत, असं होत नाही.

एक गोष्ट अनेकांना पटत नाही : एकाच गोळीचा डोस दुप्पट करण्यापेक्षा वेगळ्या गटाची दुसरी गोळी थोड्या डोसात जोडली, तर बीपी कितीतरी जास्त उतरतं आणि त्रास कमी होतो. ‘दोन-दोन गोळ्या लागल्या, म्हणजे माझं जास्तच बिघडलं’ असं समजून लोक हिरमुसतात. तसं काही नसतं. आता दोन औषधं एकाच गोळीतही मिळतात.

किडनीच्या बाबतीत भावाने गोष्ट उलटी ऐकली आहे. किडनी खराब करणाऱ्या मोठ्या कारणांमध्ये मधुमेहाच्या जोडीने वाढलेलं बीपीच आहे. सार्टन आणि ‘प्रिल’ गट तर लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या रुग्णांची किडनी जपायला मुद्दाम देतात. सुरुवातीला या गोळ्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय हे दाखवणारा घटक) थोडं वाढू शकतं, म्हणून सुरू केल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. त्या तपासणीचा कागद पाहून गोळीने किडनी घालवली असा बोभाटा होतो. वाढ थोडी आहे की जास्त, हे डॉक्टरांना ठरवू द्या. गर्भधारणेचा विचार करणाऱ्या वाचक मैत्रिणींनी मात्र हे दोन्ही गट घेत असल्यास आधीच डॉक्टरांना सांगावं. गरोदरपणात ते चालत नाहीत.

वजन आणि मीठ : होय, दोन्हींचा परिणाम खरा आहे. वजन किलोभर उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. मीठ रोज पाच ग्रॅमच्या आत ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण बहुतेक जण त्याच्या बरेच पुढे असतो. नेमाने चालण्याचाही गुण येतो. दारू असेल तर ती कमी करण्याचाही. पोटॅशियमवालं मीठ उपयोगी पडतं, पण किडनीचा आजार असेल किंवा सार्टन वा प्रिल चालू असेल तर विचारल्याशिवाय नको. हे सगळं गोळीसोबत करायला कुणाची मनाई नाही. ‘आधी वजन उतरवते, मग बघू’ यातलं ‘मग’ किती लांबतं, ते तुम्हीच ठरवा. माझं मत विचाराल तर तारीख घालून घ्या. तीन महिन्यांनी घरची सरासरी कमी झाली नसेल, तर घासाघीस थांबवायची.

तुमच्या जागी मी गोळीकडे झुकले असते, हेही सांगून टाकते. मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे की ४० ते ६९ या वयात, ११५/७५ पासून पुढे, वरचा आकडा दर २० ने वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मृत्यू येण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. गोळी थांबल्यावर पुन्हा चढलेलं बीपी, आईचा इतिहास, पन्नाशी उलटलेली. हे सगळं असताना सौम्य गोळी आणि नियमित तपासणी मला जड वाटत नाही. पण तुमच्या पत्रात साखर, कोलेस्टेरॉल, किडनी, तंबाखू यांबद्दल एक शब्द नाही, आणि शंभरातल्या ‘दहा जणी’ तुमच्यासाठी प्रत्यक्षात चार आहेत की वीस, हे त्यांवरच ठरतं. डॉक्टरांकडे हा धोका मोजायचे तक्ते असतात. तो आकडा मागून घ्या. चार असतील तर थांबून पाहण्याला जागा आहे. वीस असतील तर नाही.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, यावर घरात वाद होत असतील तर ते मिटवून टाका. २०२२ मध्ये एकवीस हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत काहीच फरक आढळला नाही. विसरणार नाही अशी वेळ धरा.

आता बंधुराज. वाढलेल्या बीपीने सहसा डोकं दुखत नाही, आणि त्यांचं दुखणं बीपीच्या एका गोळीने थांबतही नसावं. दुखणं आपलं आपणच थांबतं आणि श्रेय गोळीला जातं. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीचा पूर्ण परिणाम यायलाच आठवडाभर रोज घ्यावी लागते. त्यांची गोळी कोणती आहे ते मात्र बघा. मेटोप्रोलोल, अटेनोलोल अशी ‘ओलोल’ने संपणारी असेल तर अशी धरसोड धोक्याची आहे : ती एकदम तोडली की नाडी आणि बीपी उसळतं, आणि हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. डोक्यासाठी ते आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही घेत असतील, तर त्यांनी बीपी वाढतं. गुडघ्यांसाठी त्याच गोळ्या घेणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

घरात ऐंशीच्या पुढची माणसं असलेल्या वाचकांसाठी थोडं वेगळं. २००८ च्या एका चाचणीत ऐंशी ओलांडलेल्यांनाही उपचारांचा फायदा झाला. मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. मात्र त्या चाचणीतली माणसं बऱ्यापैकी धडधाकट होती. जी व्यक्ती अंथरुणातून उठताना तोल जाऊन पडते, जिचं उभं राहिल्यावर बीपी कोसळतं, तिच्या गोळ्या कमीही कराव्या लागतात. उभं करून बीपी मोजा असं डॉक्टरांना जरूर सांगा.

आणखी एक, तुमच्या आईमुळे आठवलं. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यायचं. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत देतात, म्हणून लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. घरी बीपी मोजून जादा गोळी देऊ नका, जिभेखालीही नाही. त्या वेळी बीपी एकदम पाडलं तर मेंदूला आणखी इजा होते.

तुमच्यापुरतं आत्ता काय, ते सांगते. गोळी बंद आहेच, तर याच आठवड्यात सात दिवसांची नोंद सुरू करा. गोळीशिवाय बीपी किती असतं हे त्यातून कळेल, आणि डॉक्टरांना तेच हवं असतं. मधे पाच मिनिटांच्या अंतराने दोन्ही वेळा १८०/११० च्या वर गेलं, तर आठवडा संपायची वाट पाहू नका. त्यासोबत छातीत दुखलं, धाप लागली किंवा दिसेनासं झालं, तर तडक रुग्णालय. जुनी गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, आणि बुडालेली भरून काढायला दुप्पट तर नकोच.

आणि डॉक्टरांना सांगायला संकोच कसला? दर दिवशी त्यांच्याकडे गोळी सोडलेलं कुणी ना कुणी येतच असतं. तुम्ही सांगितलं नाही, तर गोळी चालू आहे असं समजून ते डोस वाढवतील, आणि सूज दुपटीने परत येईल. आत जाताच म्हणा : ‘पाय सुजायचे म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी गोळी थांबवली. ही सात दिवसांची नोंद. माझा धोका किती आहे ते मोजून सांगा, आणि गोळी लागणारच असेल तर न सुजवणारी कोणती देता येईल?’ ते रागावले तरी नोंदीचा कागद पुढे करा. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतली प्रथिनं यांपैकी कोणत्या तपासण्या झाल्या आहेत आणि कोणत्या राहिल्या आहेत, हे त्याच भेटीत विचारून घ्या, आणि आईला पक्षाघात झाला तेव्हाचं तिचं वय सांगायला विसरू नका.